दादीचे माहेर, धाकटीची भाषा

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. सकाळच्या गाडीत बसले की दुपारच्या जेवणाला तिथे. आमच्या अम्मींचे ते माहेर. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या त्याला पन्नास वर्षे होत आली, पण गावाचे नाव निघाले की अजूनही त्या 'हमारा बिजापूर' असेच म्हणतात. २०१४ पासून कागदोपत्री ते विजयपुर झाले आहे. अम्मींनी हा बदल अजून मनावर घेतलेला नाही. इतके जवळचे गाव. तरी आमच्या धाकट्या मुलीला तिथे न्यायला आम्हाला सात वर्षे लागली, म्हणजे तिच्या वयाएवढीच.

धाकटीला ऐकू येत नाही. अडीच वर्षांची असताना बेरा तपासणी झाली आणि दोन्ही कानांचे निदान हाती आले. यंत्रे लावली; त्यातून दार आपटल्याचा धक्का कळतो, शब्द कळत नाहीत. कानाच्या आत बसवायच्या यंत्राचा तिला उपयोग नाही, असे दोन वेगवेगळ्या ठिकाणी सांगण्यात आले. त्या दिवसांबद्दल अधिक लिहीत नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना ते ठाऊक आहेत.

हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. आमच्यापैकी एक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक आहे, दुसरी घरी शिलाई मशीन चालवते. 'मी' लिहायला बसलो तर कोणाचा 'मी' हा प्रश्न पडतो, कारण धाकटीची भाषा आम्ही दोघांनी एकाच सतरंजीवर बसून शिकली आणि चुकाही एकत्रच केल्या.

सुरुवातीला आमच्याकडे भाषा नव्हतीच. वीस-पंचवीस इशारे होते. खा, पाणी, ये, नको, मोरीत चल. तिच्या बोलण्याच्या सरावासाठी आम्ही आठवड्यातून दोनदा जात असू, तिथे ताकीद होती: हाताने बोललात तर ही तोंडाने कधीच बोलणार नाही. त्या बाईंनी ते वाईट हेतूने सांगितले नव्हते. त्यांनाही तसेच शिकवले गेले असणार. पुढे आम्ही वाचले तेव्हा कळले की ही समजूत फार जुनी आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा बंद करावी असा ठराव झाला. त्या सभेत मत देणारे जवळजवळ सगळेच ऐकू येणारे होते. २०१० साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. मध्ये एकशे तीस वर्षे गेली. आमची त्यातली दोनच गेली, पण एका मुलाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली दोन वर्षे किती मोठी असतात ते आता कळते.

घरात अम्मींचेही तेच मत होते. "हाथां से नक्को बोलो, जबान नईं खुलेगी उसकी." आमच्यातल्या मास्तरांनी एकदा त्यांना कुठेतरी वाचलेले सांगितले, की सोळाव्या-सतराव्या शतकांत उस्मानी दरबारात बहिरे सेवक असत आणि त्यांची खुणांची भाषा दरबारातले इतर लोकही शिकत, कारण सुलतानासमोर मोठ्याने बोलणे अदबीला धरून नसे. अम्मींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वो सुलतान के नौकर थे. ये मेरी पोती है." त्यावर उत्तर नव्हते.

मग ती निवासी शाळेची गोष्ट घडली.

धाकटी साडेचार वर्षांची होती. दुसऱ्या शहरातली एक शाळा बघायला आम्ही तिला घेऊन गेलो. फक्त बघायला. दोन दिवसांचे कपडे म्हणून एक पिशवी घेतली होती. शाळेत ओळीने पलंग मांडलेले होते. कोणीतरी आमची पिशवी एका पलंगाशी ठेवली, धाकटीला तिथे बसवले आणि आम्हाला कार्यालयात नेले. अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा ती पिशवीवर पालथी पडलेली होती. रडून रडून थकली होती. त्याच संध्याकाळी तिला घेऊन आम्ही निघालो. पण त्यानंतर आमच्या घरात कपाटावरची बॅग खाली काढण्याची सोय राहिली नाही. बॅग दिसली की ती दाराची कडी धरून बसायची. पुण्याच्या एका लग्नाला आमच्यापैकी एकटेच गेले. विजापूरला अम्मींच्या भाचीचे लग्न झाले, तिथे अम्मी थोरल्याला घेऊन गेल्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी लोक जातात तसे साधे गावातल्या गावात जायचे, तरी कपडे पिशवीत न घालता हातावर टाकून न्यायचो.

तिला एवढेच सांगायचे होते की आपण जाऊ, तीन रात्री राहू आणि सगळे मिळून परत येऊ. आम्हाला ते सांगता येत नव्हते. ताटाकडे बोट दाखवता येते, पाण्याच्या माठाकडे दाखवता येते. 'उद्या'कडे बोट कसे दाखवणार? 'परत'कडे? प्रवासाची सगळी गोष्ट समोर नसलेल्या गोष्टींचीच असते, आणि त्यांच्यासाठी इशारे पुरत नाहीत.

तेव्हा आम्ही भाषा शिकायचे ठरवले.

सोलापुरातच एक कर्णबधिर तरुण छापखान्यात काम करतो. रविवारी दुपारी तो आमच्याकडे येऊ लागला. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आहे. त्यांचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा निघाला आणि २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. त्याची चलचित्रे मोबाईलवर फुकट बघता येतात. आम्ही ती रात्री बघायचो आणि रविवारी गुरुजींसमोर करून दाखवायचो. पहिल्या दिवशी त्यांनी आमचे हात पाहिले, आमची तोंडे पाहिली, आणि वहीत लिहिले: "हात चांगला. चेहरा मेला." त्यांच्या लिहिण्यात विभक्ती नसत आणि आमच्या हातांना जीव नसे, दोन्ही बाजूंनी एकमेकांना सांभाळून घेतले.

चेहऱ्याचे म्हणणे खरे होते. या भाषेत भुवया, डोळे, मान हे सगळे व्याकरणात येते. प्रश्न आहे की सांगणे आहे ते चेहऱ्यावरून कळते. आमच्यातल्या आईला हे लवकर जमले. मास्तरांना वेळ लागला, कारण वर्गात चेहरा गंभीर ठेवायची वीस वर्षांची सवय. बाकी व्याकरण मात्र आम्हा मराठी बोलणाऱ्यांना अनोळखी वाटले नाही. आपण 'तुझं नाव काय' म्हणतो तसा 'काय' शेवटी येतो. 'मी जाणार नाही' तसा नकारही शेवटी. काळ आधी सांगून टाकायचा. बाईसाठी नाकातल्या चमकीची खूण, पुरुषासाठी मिशीची. आमच्या घरात दाढी आहे, मिशी नाही. धाकटी काही दिवस मिशीची खूण शेजारच्या काकांसाठीच राखून ठेवत असे.

आणि नावे. या भाषेत माणसाचे नाव अक्षरे जुळवून दर वेळी सांगत बसत नाहीत, त्याला खुणेचे नाव मिळते, आणि ते बहिऱ्या माणसाने द्यायचे असते. गुरुजींनी धाकटीला नाव दिले: गालावरच्या खळीत बोट टेकवून किंचित फिरवायचे. तिला सहाव्या वर्षी स्वतःचे नाव मिळाले. त्याआधी आम्ही तिला हाक मारायला पाय आपटत होतो.

थोरला सर्वांत लवकर शिकला. तो तेव्हा दहा वर्षांचा. भावंडांचे हात इतके भराभर चालू लागले की आम्हालाच विचारावे लागे, काय चालले आहे? ती दोघे मग 'काही नाही' म्हणून सांगायची. घराघरातली मुले सांगतात तेच, हे लक्षात आल्यावर बरे वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत विजापूरला जायचे, हे थोरल्याने काढले. त्याला गोल घुमट पाहायचा होता. अम्मींबरोबर गेला तेव्हा लग्नघाईत कोणी नेले नव्हते. आम्ही दोघे गप्प झालो. बॅगेची भीती होतीच, पण ती एकच नव्हती. जगात इतकी ठिकाणे असताना तिला आम्ही कुठे नेणार, तर जिथे लोक आवाज ऐकायला जातात तिथे. सगळी दुनिया टाळ्या वाजवून ऐकत असताना ही मधे उभी राहणार, आणि आम्ही तिच्याकडे बघत राहणार. हे चित्र आम्ही दोघांनीही वेगवेगळे मनात काढून ठेवलेले होते. त्या रात्री ते पहिल्यांदा एकमेकांना सांगितले.

शेवटी जायचे ठरले आणि तयारी एका वहीपासून सुरू केली. प्रत्येक पानावर एक फोटो. आमचे घर, सोलापूर स्टेशन, रेल्वे, नदी, मामूंचे घर, त्या घरातली माणसे, झोपायची खोली, घुमट, पुन्हा रेल्वे, पुन्हा आमचे घर. शेवटचे पान आणि पहिले पान यांवर तोच फोटो मुद्दाम लावला. खाली तीन चांद काढले, तीन रात्रींचे. आठ दिवस रोज संध्याकाळी वही उघडायची आणि सगळे हाताने सांगायचे. घुमटाला काय म्हणायचे हे आम्हाला माहीत नव्हते. धाकटीने फोटो पाहिला आणि दोन्ही हातांची वाटी करून ती उलटी केली. तेव्हापासून आमच्या घरात गोल घुमटाचे नाव उलटी वाटी.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग खाली काढली. ती दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला. मग परत येऊन वही उघडली, शेवटच्या पानावर बोट ठेवले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, हो, परत. चौघे? चौघे आणि दादी. तिने आपला एक फ्रॉक आणून बॅगेत टाकला. नंतर लक्षात आले की फ्रॉकच्या आत तिने घराच्या कुलपाची जादा किल्ली गुंडाळून ठेवली होती. ती आम्ही तिथेच राहू दिली.

गाडी होटगीला वळते तिथून विजापूरची वाट सुरू होते. ज्वारी, तूर, मध्येच ऊस. भीमेचा पूल आला तेव्हा धाकटीने वहीतले नदीचे पान काढून खिडकीला लावले आणि खरी नदी व फोटोतली नदी जुळत नाही म्हणून तक्रार केली. फोटो दुसऱ्याच नदीचा होता, हे आम्हाला कबूल करावे लागले. पुलापलीकडे पाट्या कानडी झाल्या. तिने विचारले, ही कोणती अक्षरे? आम्ही सांगितले, आम्हालाही येत नाहीत. हे ऐकून तिला फार आनंद झाला. आईबापांना न समजणारे काहीतरी असते ही गोष्ट तिने पहिल्यांदाच पाहिली असावी. विजापूर जवळ येऊ लागले की घुमट गाडीतूनच दिसतो. स्टेशनपासून तो अगदी जवळ आहे. आमच्या आधी तिनेच तो पाहिला.

मामूंच्या घरी आमची एक काळजी आपोआप मिटली. त्या घरात आपसात दखनी, भाजीवालीशी कानडी, सोलापूरच्या पाहुण्यांशी मराठी आणि टीव्हीसमोर हिंदी असा कारभार आहे. चार भाषांत वावरणाऱ्या माणसांना पाचवीची धास्ती वाटत नाही. मामीजाननी पहिल्या अर्ध्या तासात धाकटीकडून भाकरी, चटणी आणि 'अजून हवी का' शिकून घेतले. हे गावच तसे आहे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, म्हणजे १५३४ ते १५५८ या वर्षांत, इथले महसुली दप्तर फारसीऐवजी मराठीत ठेवायला सुरुवात झाली, आणि दुसऱ्या इब्राहिमने दखनीत 'किताब-ए-नौरस' हे गीतांचे पुस्तक लिहिले. लोकांची भाषा आपण शिकावी, असे तिथल्या तख्तावर बसलेल्यांनाही वाटले होते.

पण त्याच रात्री जेवताना आमची चूक उघडी पडली. दस्तरखानावर अकरा माणसे. सगळी एकदम बोलतात, हसतात. धाकटी आमचा हात ओढून विचारते, काय झाले? आणि आम्ही सांगतो, नंतर. पुन्हा हसू उसळते. काय झाले? नंतर सांगते. आमच्या हातांना सर्वांत सफाईने येणारी खूण 'नंतर' हीच आहे, हे त्या दिवशी कळले. चौथ्या वेळी ती उठून गेली. थोरला तिच्यामागे गेला आणि तिला परत आणून शेजारी बसवून सगळे सांगू लागला. त्याच्या ताटातली भाकरी वाळली. अकरा वर्षांचे पोर दोन्ही हातांनी काम करत होते आणि आम्ही दोघे चवीने जेवत होतो. दुसऱ्या दिवसापासून पाळी लावली. ज्याची पाळी त्याने उशिरा जेवायचे, पण 'नंतर' म्हणायचे नाही. घरी परतल्यावरही हे चालू ठेवले आहे. रोज पाळले जाते असे म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी घुमट. मुहम्मद आदिलशहाचा हा मकबरा. १६५६ मध्ये तो वारला. बांधणारा याकूत नावाचा, दाभोळचा, असे सांगितले जाते. म्हणजे आपल्या कोकणातला. आत शिरल्यावर वर पाहिले की एकही खांब दिसत नाही. घुमटाचा आतला व्यास सुमारे अडतीस मीटर आहे आणि तो चार भिंती व एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर तोललेला आहे. अम्मींचे गुडघे दुखतात, त्या खालीच बसल्या. आम्ही चौघे कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून निघालो. सात मजले, अरुंद जिना, उंच पायऱ्या. वर छतावर आलो की गार वारा आणि सगळे गाव खाली.

आतल्या सज्जात पाऊल टाकले आणि आमच्या कानांवर आवाज कोसळला. सहलीच्या दोन शाळा आधीच तिथे होत्या. शिट्ट्या, किंकाळ्या, टाळ्या, प्रत्येक आवाज सात-सात वेळा परत येणारा. भिंतीशी पुटपुटलेले समोरच्या बाजूला ऐकू येते म्हणतात, ते शांततेत येत असेल. त्या गोंधळात आम्हाला एकमेकांचे बोलणेही कळेना.

धाकटी बघत होती. मग तिने विचारले, लोक भिंतीशी का बोलतात?

प्रतिध्वनीची खूण आम्हाला येत नव्हती. मास्तरांनी वर्गात हा धडा पंधरा वेळा शिकवला असेल. हात मात्र रिकामे. शेवटी थोरला पुढे आला. त्याने चेंडू दाखवला, भिंत दाखवली, चेंडू आपटून परत आला. मग आवाज तोंडातून निघाला, भिंतीला लागला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला, दर वेळी लहान होत. सात वेळा.

तिने विचार केला. भिंत काय सांगते?

तेच सांगते.

नवीन काही नाही?

नाही.

मग लोक हसतात का?

आम्ही एकमेकांकडे पाहिले. याचे उत्तर आम्हा चौघांत कोणालाच देता आले नाही. तिने भिंतीला तळहात लावून पाहिला. इतक्या जाड दगडाला काय कळणार. तिने हात काढून घेतला आणि भिंतीचा विषय संपवला. इतकी वर्षे मनात वागवलेला तो प्रसंग असा मिनिटभरात होऊन गेला.

मग थोरला आणि त्याचे अब्बा वळसा घालून समोरच्या बाजूला गेले. तिथून थोरल्याने भिंतीशी तोंड नेऊन काहीतरी म्हटले. इकडे आईला काही ऐकू आले नाही. त्याने हाताने विचारले, आले का? नाही आले. काय म्हणालास? आणि मध्ये ती सगळी पोकळी असताना बहीणभावांचे बोलणे सुरू झाले. खाली दादी किती लहान दिसते. तुझ्या शर्टाचे बटण उघडे आहे. मला भूक लागली. भोवती पन्नास-साठ माणसे घसा फोडून ओरडत होती आणि त्यांतल्या कोणाचे बोलणे पलीकडे पोहोचत नव्हते. सहलीतल्या काही मुली ओरडायच्या थांबून या दोघांकडे बघत राहिल्या.

धाकटीने कठड्याशी जाऊन खाली अम्मींना हात केला. अम्मींनी वर पाहिले. दोन वर्षे हाताने बोलायला नकार देणाऱ्या आमच्या अम्मींनी पाच बोटे जुळवून तोंडाशी नेली आणि हाताने 'चला' केले. जेवायला चला. तेवढा इशारा तर कोणीही करते, असे आम्ही म्हणू. धाकटीने मात्र आमच्याकडे वळून जाहीर केले की दादीला भाषा येते.

दुपारी मुलुख-ए-मैदान तोफ पाहिली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे पंचावन्न टनांची, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह. तोफ डागणारा माणूस बत्ती देऊन शेजारच्या पाण्याच्या टाकीत डोके बुडवत असे, नाहीतर कान जात, असे तिथे सांगतात. हे धाकटीला सांगावे की नाही यावर आमच्यात नजरानजर झाली. थोरल्याने सांगूनही टाकले. तिने त्या माणसाबद्दल दोन प्रश्न विचारले: त्याची मुले होती का, आणि ती त्याच्याशी कशी बोलायची. मामूंच्या नातवाने मुठीने तोफेवर ठोकले. ती घंटेसारखी वाजते. धाकटीचा तळहात तेव्हा तोफेवर होता. तिने त्याला दहा-बारा वेळा ठोकायला लावले.

जामा मशिदीत गेलो तेव्हा असरची वेळ होत आली होती. तिथल्या फरशीवर मुसल्ल्यांच्या आकाराचे चौकोन आखलेले आहेत, प्रत्येकाला एक. धाकटीला ती व्यवस्था फार आवडली. एक चौकोन निवडून ती त्यात उभी राहिली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. इब्राहिम रौजा तिसऱ्या दिवशी पाहिला. दगडी जाळीत कोरलेली अक्षरे, आणि तिथे सर्वत्र शांतता. आम्हाला तीच जागा सर्वांत आवडली. मुलांना आवडली नाही, तिथे चढायला काही नाही.

परतीच्या दिवशी अम्मींनी सांगितले, "मैं आठ दिन रहती. भाई का दिल नईं भरा." आम्हाला काहीच वाटले नाही, माहेर आहे. पण स्टेशनवर दादी गाडीत चढत नाही हे दिसल्यावर धाकटीचा चेहरा उतरला. तिने वही काढली, शेवटचे पान उघडले. चौघे आणि दादी, असे आम्ही सांगितले होते. आम्ही समजावले: दादी इथे राहणार, हे तिचे घर, तिचा भाऊ, मग येणार. ती आमच्याकडे बघेचना. बॅग एका जागी ठेवून माणसे निघून जातात हे तिने एकदा पाहिलेले होते, आणि दादीची बॅग फलाटावर होती.

ती सरळ अम्मींसमोर जाऊन उभी राहिली आणि हाताने विचारले. अम्मी आमच्याकडे वळल्या. "क्या पूछरी?"

"किती दिवस, विचारते. परत येणार का, विचारते."

आम्ही हात उचलायच्या आत अम्मींनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे केले. दोन्ही हातांची मिळून आठ बोटे दाखवली. मग तिच्या हातातली वही घेतली, शेवटच्या पानावरच्या आमच्या घराच्या फोटोवर बोट ठेवले, ते बोट स्वतःच्या छातीला लावले. धाकटीने वहीत आठ चौकटी काढल्या आणि अम्मींना मोजायला लावल्या. गाडी हलली तेव्हा अम्मी फलाटावर आठ बोटे वर धरून उभ्या होत्या.

सोलापुरात रोज रात्री एक चौकट रंगवली गेली. नवव्या दिवशी धाकटी सकाळपासून जिन्यात बसली. अम्मी आल्या अकराव्या दिवशी. मामूंनी आग्रह केला म्हणे. रिक्षा थांबताच धाकटीने वही त्यांच्यापुढे धरली आणि रंगवलेल्या आठ चौकटींच्या पुढे मोकळ्या सोडलेल्या कागदावर बोट आपटले. अम्मींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मध्ये पडलो नाही. अम्मींनी दोन्ही पिशव्या पायरीवर ठेवल्या आणि हात मोकळे केले.